डिकीतली दुसरी बॅटरी

पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या घरात विशी-पंचविशीचं पोरगं आणि दारात चारचाकी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या गाडीत 'सिस्टीम' बसवलेली आहे, त्यांनी तर वाचाच.

मे महिन्यातली गोष्ट. रात्री पावणेबाराला भाच्याचा फोन. "मामा, गाडीतनं धूर निघालाय. आईला सांगू नका, तुमी या." वैरागला मित्राची हळद होती, ती आटोपून चौघं जण बार्शीकडं येत होते. गाडी सेकंड हँड सेडान, दीड वर्षापूर्वी घेतलेली. डिकीत दोन वूफर, दोन ॲम्प आणि एक जादा बॅटरी.

मी पोचेपर्यंत पोरं रस्त्याच्या कडेला उभी होती. गाडीत जळक्या रबराचा वास आणि मागच्या सीटखाली काळं. झालं होतं असं: आधी वास आला, मग डाव्या दाराच्या उंबऱ्याजवळून धूर निघाला. भाच्यानं गाडी थांबवून चावी काढली. धूर थांबेना, कारण ॲम्पची वायर थेट बॅटरीवरून आलेली असते, तिला चावीशी देणंघेणं नसतं. मग एकानं बॉनेट उघडून पान्यानं पुढच्या बॅटरीचा टर्मिनल काढला. तरी धूर चालूच! कारण मागं दुसरी बॅटरी होती आणि ती त्याच वायरीतून उलट्या बाजूनं करंट ढकलत होती. शेवटी एकानं डिकी उघडून हातानं वायर ओढून काढली. त्याच्या तळहातावर आजही पट्टा उमटलेला आहे. नशीब, मागं सीएनजीची टाकी नव्हती आणि दारं लॉक झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीच्या एका जुन्या वायरमनला गाडी दाखवली. त्यांनी दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचलली. बॅटरीपासून डिकीपर्यंत गेलेली लाल वायर पट्टीच्या स्क्रूखाली दाबली गेली होती. येता-जाता पाय पडून कव्हर चिरलं आणि आतली तार गाडीच्या पत्र्याला लागली. म्हातारबानं वायरीची दोन्ही टोकं तपासली, मान हलवली आणि म्हणाले, "साहेब, फ्यूजच नाही की. ना पुढं, ना मागं."

सिस्टीमला ५५ हजार खर्च केलेले. फ्यूज आणि त्याचा होल्डर तीन-चारशे रुपयांत येतो.

मी गेली वीस वर्षं या तालुक्यात पत्रकारिता करतोय. दरवर्षी गणपती आले की आवाजाची बातमी करतो. एका बाजूला "डीजे बंद करा" म्हणणारे, दुसऱ्या बाजूला "आमच्याच सणाला नियम का" म्हणणारे. दोघांचे कोट घ्यायचे, मधे पोलीस स्टेशनच्या बैठकीचा फोटो लावायचा, बातमी झाली. आता ही सिस्टीम मंडपातून निघून घरच्या गाडीत आली आहे. हळद, वाढदिवस, निवडणुकीचा गुलाल, नाहीतर नुसतंच लातूर रोडला संध्याकाळचं फिरणं. तिच्या आवाजावर आपण भांडतो, पण तिला करंट कुठून येतो, कोणत्या वायरीतून येतो, ती वायर कोणी टाकली, हे मी आजवर एकदाही विचारलं नव्हतं. घरात घडलं तेव्हा विचारलं. ही माझी चूक आधीच कबूल करतो.

गेल्या महिन्याभरात चार-पाच गॅरेजवाल्यांशी बोललो. जे समजलं ते साध्या भाषेत मांडतो.

पोरं दुसरी बॅटरी का बसवतात? आवाज वाढवला की बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावतात. गाडी बंद ठेवून तासभर गाणी लावली की सकाळी सेल्फ मारत नाही. मग कोणीतरी सांगतो, "करंट कमी पडतोय, दुसरी बॅटरी टाक."

आता बॅटरी म्हणजे टाकी समजा आणि अल्टरनेटर म्हणजे बोअर. इंजिन चालू असताना वीज तयार होते ती अल्टरनेटरमध्ये. बॅटरी फक्त साठवते. गच्चीवर दुसरी टाकी बसवली म्हणून बोअरचं पाणी वाढत नाही. उलट दोन टाक्या भरायच्या म्हणून मोटर जास्त वेळ चालवावी लागते. इथंही तसंच.

आकडे बघा. लहान गाडीचा अल्टरनेटर साधारण ७० ते ९० अँपिअरचा असतो, आणि इंजिन नुसतं घुरघुरत उभं असेल तर तेवढाही करंट मिळत नाही. त्यातून हेडलाइट, एसीचा पंखा, रेडिएटरचा फॅन, इंजिनचा स्वतःचा खर्च जातो. खरोखर १००० वॅट देणारा ॲम्प पूर्ण जोरात चालला तर तो एकटा ९० अँपिअरच्या आसपास मागतो. गाण्यात सतत एवढी ओढ नसते, ठोक्याला असते, म्हणून काम चालून जातं. पण रोजचा हिशोब तोट्यात असेल तर दुसरी बॅटरी तो तोटा भरून काढत नाही, थोडा पुढं ढकलते. शिवाय दोन रिकाम्या बॅटऱ्या भरताना अल्टरनेटर तापतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. आपल्याकडचा उन्हाळा ४२ डिग्रीचा, त्यात बंद बॉनेटखाली काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

गाडी बंद ठेवून वाजवायचं म्हणाल, तर ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून ५० अँपिअर ओढले की ती अर्धा तासही धड टिकत नाही. गाडीची साधी बॅटरी सेल्फ मारायला बनवलेली असते: क्षणभर भरपूर करंट द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचा. तिला रोज तळापर्यंत रिकामं केलं की प्लेटा खराब होतात. वर्षभरात पैसे पाण्यात.

याचा अर्थ दुसरी बॅटरी बसवणं हा गुन्हा आहे असा नाही. कॅम्पर गाड्यांत, ॲम्ब्युलन्समध्ये ती असते. तिथं ती पद्धतशीर बसवलेली असते. दोन बॅटऱ्यांच्या मधे आयसोलेटर, म्हणजे एक जाड रिले असतो. इंजिन चालू असेल तेव्हाच तो दोन्ही जोडतो, इंजिन बंद झालं की वेगळ्या करतो. मागची कितीही उतरली तरी पुढची सेल्फ मारायला शाबूत राहते. आपल्याकडं काय होतं? प्लसला प्लस जोडायचा, मायनस पत्र्याला ठोकायचा, झालं काम. एक बॅटरी नवी, एक कुणाच्यातरी ट्रॅक्टरची काढलेली. जुनी बॅटरी नवीला ओढून रिकामी करते आणि दोन्ही लवकर जातात.

आणि फ्यूज. हे नीट समजून घ्या, कारण सगळा जीव इथं आहे. फ्यूज ॲम्पच्या संरक्षणासाठी असतो असा गैरसमज आहे. ॲम्पला स्वतःचा छोटा फ्यूज असतोच. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज असतो तो वायरीसाठी. वायर पत्र्याला लागली की चांगली बॅटरी काही शे अँपिअर सोडते, आणि ती वायर काही सेकंदांत शेगडीच्या कॉइलसारखी लाल होते. ती गेलेली असते सीटखालून, कार्पेटखालून. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत हवा. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्हींपाशी हवा. भाच्याच्या गाडीत पुढचा टर्मिनल काढूनही धूर का थांबला नाही, ते आता लक्षात आलं असेल.

वायर कोणती, हाही प्रश्न. बाजारात जाडजूड दिसणारी लाल-निळी वायर मिळते. सोलून बघितली तर आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. ती तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा कमी करंट सोसते. २१ चौरस मिलिमीटरच्या आसपासची अस्सल तांब्याची वायर असेल तर तिला साधारण १०० ते १२५ अँपिअरचा फ्यूज लागतो. वायर मुलाम्याची असेल तर त्याहून कमी. हे गणित मला माझ्या वायरमनकाकांनी कागदावर करून दाखवलं. बाकी दोघांनी सांगितलं, "जाड टाकली की झालं."

बॅटरी कुठं ठेवली, हेही बघा. ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीनं भडका उडू शकतो. बॉनेटखाली हवा खेळती असते, बंद डिकीत नसते. मी पिकअपमध्ये घरच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी नायलॉनच्या दोरीनं बांधलेली बघितली आहे. पंधरा-वीस पोरं तिच्या शेजारी नाचत होती. गाडी कलंडली तर ॲसिड कुणाच्या अंगावर जाईल? आता तर ई-रिक्षातल्या जुन्या लिथियम सेलचे पॅक बांधून देणारेही आहेत. त्यांना चार्जिंगवर ताबा ठेवणारं सर्किट लागतं. ते नसलं तर ती बॅटरी ॲसिडवालीपेक्षा जास्त धोक्याची.

आता दोष कुणाचा?

ज्यानं हे काम केलं त्या पोराकडं मी गेलो होतो. नाव लिहिणार नाही, कारण हा एकट्याचा प्रश्न नाही. वय २४. दहावीनंतर एका गॅरेजात हाताखाली राहिला, बाकी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकला. हुशार आहे, हात स्वच्छ आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, मी फ्यूज सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं तेवढ्या पैशात निळी लाइट टाकून दे. फ्यूज दिसत नाही ना कुणाला."

मी भाच्याला विचारलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "सांगितलं होतं त्यानं."

म्हणून एकट्या फिटरला झोडपून काही होणार नाही. पण त्यालाही मी सांगितलं, की गिऱ्हाईक नको म्हणालं तर काम सोडून दे. गॅसवाला नळी न तपासता सिलिंडर जोडून देतो का?

कायद्याचं बघू. आवाजाचे नियम २००० सालापासून आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरला शांतता क्षेत्र, तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला आहे. गाडीतल्या बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर केला तर मालकाला ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे. म्हणजे कागदावर कायदा भरपूर आहे. पण कारवाई होते ती आवाजावर, तीही तक्रार आली तर, तीही सणाच्या चार दिवसांत. पीयूसी तपासतात, हेल्मेट तपासतात. डिकी उघडून "फ्यूज कुठाय?" असं विचारलेलं मी अजून बघितलेलं नाही.

इन्शुरन्सचं तर विचारूच नका. गाडीत बाहेरून बसवलेलं इलेक्ट्रिकचं सामान पॉलिसीत वेगळं नोंदवता येतं, थोडा जास्त हप्ता भरून. आमच्या भाच्यानं नोंदवलं नव्हतं. एजंट म्हणाला, क्लेम टाकू नका, टिकणार नाही. सीट, कार्पेट, वायरिंग मिळून ४० हजार दाजींच्या खिशातून गेले. त्यांचा सोयाबीनचा हिशोब त्यात मोडला.

ही पोस्ट टाकायच्या आधी दोघांना वाचून दाखवली. एक निवृत्त शिक्षक मित्र. ते म्हणाले, "तू यांना नीट वायरिंग शिकवतोयस, म्हणजे अजून जोरात वाजवणार. सरळ बंद करायला सांग." त्यांच्या गल्लीत रात्री साडेअकराला गाडी उभी करून वाजवतात. त्यांच्या पत्नीला हृदयाचा त्रास आहे. त्यांचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. आणि हेही खरं, की दुसरी बॅटरीच या त्रासाचं मूळ आहे. इंजिन चालू ठेवलं असतं तर डिझेल संपायच्या भीतीनं तरी गाडी हलली असती. मागं बॅटरी असल्यामुळं ती एका जागी उभी राहते.

माझं उत्तर एवढंच: बंदी घातली म्हणून सिस्टीम गाड्यांतून निघालेल्या नाहीत. कामं लपून होतात, बिलाशिवाय होतात आणि अजून घाणेरडी होतात. वायर सुरक्षित असणं आणि शेजाऱ्याची झोप सुरक्षित असणं, दोन्ही मागायला हवं. एकाच्या बदल्यात दुसरं नको.

दुसरा, भाच्याचाच मित्र, हात भाजलेला. तो म्हणाला, "मामा, तुमच्या पिढीनं लग्नात बँड वाजवला, आमी हे वाजवतो. यात काय चुकलं?" काही चुकलं नाही बाबा. मलाही गाडीत चांगलं गाणं आवडतं. पण ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, एवढीच कानाची मर्यादा धरतात. दर ३ डेसिबलला ती वेळ अर्धी होते. १०० डेसिबलला १५ मिनिटं. तुमच्या गाडीत काच बंद करून १०० च्या वर सहज जातं. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजते ना? ती सवय नाही, इजा आहे. आणि गेलेला कान कोणत्याही गॅरेजात परत बसवून मिळत नाही.

आता मागणं. मोठं काही मागत नाही, तालुक्यात होण्यासारखंच आहे.

एक. आयटीआयमध्ये वाहनांच्या वायरिंगचं शिकवणारे निदेशक असतात. त्यांनी गणपतीच्या आधी दोन रविवार गॅरेजवाल्या पोरांसाठी द्यावेत. फ्यूज, वायर, आयसोलेटर, बॅटरी बांधणं, एवढं दोन दिवसांत होतं. चहा-नाश्त्याचा खर्च आम्ही पत्रकार मंडळी करू.

दोन. गॅरेज आणि ॲक्सेसरीजवाल्यांनी आपसात ठरवावं: फ्यूजशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही, आणि काय बसवलं त्याचं बिल द्यायचं. बिल दिलं की जबाबदारी येते, म्हणून देत नाहीत, हे मला माहीत आहे. तेच व्हायला हवं.

तीन. पोलीस स्टेशनला मंडळांची बैठक होते, तिथं आवाजाबरोबर वायरिंगचा मुद्दा घ्यावा. मिरवणुकीतल्या गाडीची बॅटरी आणि जनरेटरची जोडणी कुणा जाणकारानं बघितल्याशिवाय परवानगी देऊ नये.

चार. आईबापांनी गाडीची डिकी एकदा उघडावी. पाच गोष्टी विचाराव्यात. बॅटरीजवळ फ्यूज आहे का? दोन्हीकडं आहे का? वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी बूच आहे का? बॅटरी पट्टीनं घट्ट बांधली आहे का, टर्मिनलवर टोपी आहे का? मधे आयसोलेटर आहे का? एकाचंही उत्तर "माहीत नाही" आलं, तर त्या दिवशी मागच्या बॅटरीचा मायनस काढून ठेवा. तेवढं दहा नंबरचा पान्यानं होतं, आणि तेही आधी मायनसच काढा, प्लस नंतर.

भाच्याचं सांगतो. दुसरी बॅटरी काढली, एक वूफर आणि एक ॲम्प विकला. राहिलेल्या एका ॲम्पला काकांनी नवी तांब्याची वायर टाकून दिली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. हेडलाइट आता मंदावत नाहीत. आवाज पहिल्यासारखा नाही, असं तो म्हणतो. मला तर गाणं आता जास्त कळतं, पण ते वयाचं असेल.

अक्काला अजून पूर्ण खरं सांगितलेलं नाही. सीट उंदरांनी कुरतडली असं सांगितलंय. ही पोस्ट कुणीतरी तिला दाखवणारच, तेव्हा अक्का, ओरडायचं ते मला ओरड.

गॅरेजवाले कुणी वाचत असतील आणि दोन रविवारांसाठी तयार असतील, तर खाली कमेंटमध्ये नुसतं "येतो" लिहा. दहा जण झाले की मी आयटीआयला अर्ज घेऊन जातो. माझ्या लिहिण्यात काही तांत्रिक चूक असेल तर जाणकारांनी हक्कानं सांगा, दुरुस्त करीन. बाकीच्यांनी राजकारण नंतर करा, आधी डिकी उघडा.